‘बेस मॉडेल घ्या, साउंड बाहेरून बसवा’ : एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

महागडी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी ‘शोरूमवाले सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मुंबईतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, ‘म्हणजे प्रीमियम साउंड यादीतून काढून टाकतो.’ त्याचे बुकिंग झाले आहे आणि ऑप्शनची यादी या आठवड्यात पक्की करायची आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर. संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत : कंपनीची साउंड सिस्टीम म्हणजे निव्वळ लूट, तीच बाहेरच्या बाजारात पाचव्या हिश्श्यात बसते, गाडीची बॅटरी प्रचंड असल्याने हवा तेवढा मोठा अँप्लिफायर (अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे यंत्र) चालतो, जितके वॉट आणि स्पीकर जास्त, तितका आवाज चांगला, इलेक्ट्रिक गाडी मुळातच शांत असल्याने साधे स्पीकरही थिएटरसारखे वाजतात, कंपनीची सिस्टीम साठ किलोमीटर रेंज खाते, आणि ब्लूटूथवरून डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी, वरूनही आवाज येतो असा अनुभव देणारे ध्वनितंत्र) ऐकता येतेच, मग वेगळे पैसे कशाला.

बॅटरीचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या दाव्यांवर विश्वास ठेवला तर फार तर पैसे वाया जातील, पण या एकाने गाडी बंद पडू शकते आणि काम निष्काळजीपणे झाले तर तारा जळूही शकतात. ‘गाडीत शंभर युनिटची बॅटरी आहे, तीन हजार वॉटचा अँप बिनधास्त लावा’ असे लिहिणाऱ्याने इलेक्ट्रिक गाडीचे बॉनेट कधी उघडून पाहिले असेल असे वाटत नाही. चाके फिरवणारी मोठी बॅटरी साधारण ४०० किंवा ८०० व्होल्टची असते, तिच्या केबल मुद्दाम नारिंगी रंगाच्या असतात, आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी त्यांना हात लावायचा नसतो. दिवे, काचा, कुलपे, संगणक आणि गाण्यांची सिस्टीम ही सगळी मंडळी आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत चालतात ती वेगळ्या, छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. पेट्रोल गाडीत ती अल्टरनेटर भरतो, इथे मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन तिचे व्होल्ट उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर भरतो. या कन्व्हर्टरची क्षमता साधारण दोन-तीन किलोवॉटच्या आसपास असते आणि त्यातच स्टीअरिंग, ब्रेक, पंप आणि पंखे यांचाही वाटा असतो. तीन हजार वॉटचा अँप पूर्ण जोराने चालला तर तो एकटाच दोनशेहून अधिक अँपिअर मागेल. संगीतात सरासरी मागणी याहून खूपच कमी असते हे मान्य. पण मग ती सरासरीच पुरेशी असेल, तर तीन हजारांचा आग्रह तरी कशासाठी?

गाडी उभी असताना तर खरी गंमत सुरू होते. गाडी लॉक केली की मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या स्विचने बाकी यंत्रणेपासून तोडली जाते, आणि ते स्विच पुन्हा जोडायला लागणारी वीज येते त्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीतूनच. बाहेरचा मेकॅनिक अँप चालू-बंद करण्यासाठी फ्यूज बॉक्समध्ये जी तार सापडेल तिच्यावर जोड मारतो. ती तार गाडी झोपल्यावरही जिवंत राहिली, तर अँप रात्रभर जागा राहतो. दोन अँपिअरची गळती असेल तर पन्नास अँपिअर-अवरची बॅटरी साधारण एका दिवसात उतरते. मग मोठ्या बॅटरीत ऐंशी टक्के चार्ज असूनही विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी जागी होत नाही, कधी कधी दारही उघडत नाही, आणि मालक टोइंगच्या गाडीची वाट पाहत सूटकेसवर बसून राहतो.

शिवाय या गाड्यांत गाण्याचा सिग्नल बहुधा साध्या तारांच्या जोडीने जात नाही; तो डिजिटल स्वरूपात अँपपर्यंत पोहोचतो, आणि त्याच अँपमधून पार्किंग सेन्सरची पिपाणी, लेन सुटल्याचा इशारा आणि फोनवरचा आवाजही येतो. काही गाड्यांत रस्त्याचा घोंगावा कमी करणारी यंत्रणा छतातले मायक्रोफोन आणि हेच स्पीकर वापरून उलट आवाज तयार करते. मूळ अँप काढला की हे सगळे बिघडते, ठेवला तर नवा अँप त्याच्या आधीच घडवलेल्या सिग्नलवर चालतो आणि आवाज चिखलासारखा होतो. दरवाज्यातले दोन स्पीकर बदलण्याइतके हे सोपे काम नाही. वायरिंग कापल्यावर उद्भवलेला विजेचा दोष कंपनी वॉरंटीत घेईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये, आणि बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे विमा पॉलिसीत वेगळी नोंदवून त्यांचा जादा प्रीमियम भरलेला नसेल, तर त्यांची भरपाईही मागता येत नाही. कलिना किंवा ऑपेरा हाऊसकडच्या, गाड्यांत साउंड बसवणाऱ्या कारागिरांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. दहा वर्षांच्या पेट्रोल सेडानला त्यांनी दिलेला आवाज मी ऐकला आहे. पण ती गाडी वेगळी होती.

आता रेंज. ज्या संदेशात बॅटरी ‘संपता संपत नाही’, त्याच संदेशात पुढे कंपनीची सिस्टीम साठ किलोमीटर खाते. निदान एका संदेशापुरते तरी एकच काहीतरी खरे मानावे. हिशेब सोपा आहे. मोठी इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला सुमारे २०० वॉट-अवर वापरते असे धरा. मोठ्याने गाणी ऐकताना सिस्टीम सरासरी १०० वॉट घेते असे उदार मनाने धरले, तरी तासाभराच्या ऐकण्याला अर्धा किलोमीटर रेंज लागते. साठ किलोमीटर गमवायला एकशेवीस तास अखंड गाणी वाजवावी लागतील. मे महिन्यात सायनच्या कोंडीत उभा असलेला एसी दीड-दोन किलोवॉट घेऊन तासात सात ते दहा किलोमीटर सहज खातो, त्याबद्दल संदेश गप्प आहे.

‘गाडी शांत, म्हणून कोणतेही स्पीकर चालतील’ यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने देऊन टाकतो. एस. व्ही. रोडच्या रांगेत काचा बंद असताना इंजिनाची थरथर नसते, आणि तिथे बेस मॉडेलमधली साधी सिस्टीमही पुष्कळ स्वच्छ ऐकू येते. ज्याची गाडी आयुष्यभर अंधेरी ते वांद्रे इतकीच धावणार आहे, त्याने सर्वांत वरची सिस्टीम न घेतल्यास मी त्याला दोष देणार नाही. पण इंजिन गेल्याने टायर आणि वारा उघडे पडतात. जड गाडी, रुंद टायर आणि महापालिकेने केलेले काँक्रीटचे रस्ते हा संगम कानाला चांगलाच जाणवतो. अटल सेतूवर शंभरच्या वेगाने जाताना हा घोंगावा खालच्या सुरांत भरतो. टायरच्या आतल्या हवेचा गुंजारव २०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि नेमक्या त्याच्याच शेजारपाजारी डग्ग्याची घुमार आणि तानपुऱ्याच्या खर्जाची भरणी राहते. साध्या सिस्टीमवर ख्याल ऐकताना तिथे तबल्याची फक्त टिकटिक उरते. आवाज वाढवला तर गायकाचा वरचा सूर कानात टोचतो, पण डग्गा काही परत येत नाही. चांगल्या सिस्टीमचे पैसे इथे कामी येतात : ताकदवान सबवूफर (अगदी खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), न थरथरणारी दारे आणि वेगानुसार खालचे सूर सावरणारे प्रोसेसिंग.

वॉटच्या आकड्यांवर फार वेळ घालवायला नको. पोर्शच्या टायकान या इलेक्ट्रिक गाडीत बोस या कंपनीची सिस्टीम १४ स्पीकर आणि ७१० वॉटची, तर तिच्यावरची, बुर्मेस्टर या कंपनीची २१ स्पीकर आणि १,४५५ वॉटची आहे. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला असे नव्हे. दुप्पट वॉटने जेमतेम तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. या दोन सिस्टीममधला खरा फरक ट्विटरच्या (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) जातीत आणि मांडणीत आहे, मोठेपणात नाही.

‘सगळी नावे एकाच कारखान्यातली’ हा टोमणाही संदेशात आहे, आणि तो पूर्ण खोटा नाही. हार्मन ही साउंड सिस्टीम बनवणारी कंपनी २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची आहे. जेबीएल आणि हार्मन कार्डन ही तिचीच नावे, आणि बँग अँड ओलुफसेनचा मोटारींसाठीचा व्यवसायही तिने २०१५ मध्ये घेतला. म्हणून बिल्ल्याकडे पाहून पैसे देऊ नयेत, इतका भाग मला मान्य आहे. पण त्यावरून सगळ्या सिस्टीम सारख्याच वाजतात असे ठरत नाही. ते ठरवायची रीत हार्मनच्याच फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवली आहे : त्यांनी कंपनीच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड ऐकवले, तेव्हा दिसणाऱ्या नावाने, आकाराने आणि किमतीने गुण बदलले. ऐकण्याचा धंदा असलेल्या घरातली माणसे जर अशी फसतात, तर शोरूममध्ये लखलखत्या जाळीसमोर बसलेल्या ग्राहकाचे काय सांगावे? आणि त्याच न्यायाने ‘बाहेरचे तितकेच भारी वाजते’ असे सांगणाऱ्या संदेशलेखकाचेही.

अ‍ॅटमॉसचा दावा एका वाक्यात निकालात निघतो. फोनवरून गाडीला जाणारे नेहमीचे ब्लूटूथ संगीत दोनच चॅनेलचे असते, त्यामुळे त्यातून अ‍ॅटमॉस येत नाही. ते हवे असेल तर बहुधा गाडीतच बसवलेल्या आणि त्याची सोय असलेल्या अ‍ॅपमधून वाजवावे लागते, आणि गाडीची सिस्टीम त्यासाठी बनवलेली असावी लागते.

यादी पक्की करण्याआधी मावसभावाने शोरूमकडून साधी आणि प्रीमियम अशा दोन्ही सिस्टीमच्या डेमो गाड्या मागाव्यात, आणि प्रीमियम सिस्टीमची गाडी उपलब्ध नसेल तर ती आल्याशिवाय सही करू नये. दोन्हींमध्ये सराउंडचे, म्हणजे चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास देणारे, सगळे चमत्कार बंद ठेवावेत, बास आणि ट्रेबल मध्यावर आणावेत, आणि मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण थोडा मोठा वाजणारा आवाज नेहमीच चांगला वाटतो आणि हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. गाणे आपल्या परिचयाचे, पेन ड्राइव्हवरून, शक्यतो ख्याल किंवा पखवाजाचे असावे. आणि ते उभ्या गाडीत ऐकून भागणार नाही, ऐंशीच्या वेगाला मागच्या सीटवर बसून, वहिनींनाही सोबत घेऊन ऐकावे, कारण त्या गाडीत जास्त वेळ त्याच मागे बसणार आहेत.