वास्कच्या नूतनीकरणात पालकांनी 'फक्त छान बोलावं'? फिरत्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

कॅलिफोर्नियातल्या चार्टर शाळेचं, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेचं, ॲक्रेडिटेशन (वास्क या संस्थेकडून मिळणारी दर्जाची मान्यता) नूतनीकरणाला आलं की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरू लागतो. मराठी गटही त्याला अपवाद नाहीत. सल्ला साधारण असा: वास्क म्हणजे शाळेची कागदपत्रं. पालकांनी सर्व्हेत सगळीकडे 'पूर्ण सहमत' करावं, वास्कची समिती भेटली तर छान बोलावं. तक्रारी बाहेर आल्या तर मान्यता जाईल, मान्यता गेली की शाळा बंद आणि मुलांचा यूसीतला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठातला, प्रवेशही गेला. पाठवणाऱ्याला शाळेची काळजी असते, यात शंका नाही. पण हा सल्ला पाळला तर शाळेचंच नुकसान होतं.

'मान्यता गेली की शाळा बंद.'

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. शाळा चालवण्याची परवानगी म्हणजे चार्टर. ती स्कूल डिस्ट्रिक्ट किंवा काउंटीचं शिक्षण मंडळ देतं, ठरावीक मुदतीसाठी. २०१९च्या एबी १५०५ कायद्यानंतर तिचं नूतनीकरण मुख्यतः राज्याच्या डॅशबोर्डवरच्या, म्हणजे शाळांच्या कामगिरीच्या जाहीर तक्त्यावरच्या, निकालांवर अवलंबून असतं. शाळेचा अर्ज आला की ६० दिवसांत जाहीर सुनावणी आणि ९० दिवसांत निर्णय व्हावा लागतो. सभागृह भरून पालकांनी उभं राहायचं ते या सुनावणीला.

वास्कचं ॲक्रेडिटेशन ऐच्छिक आहे आणि ते देणाऱ्या आयोगाला शाळेला टाळं लावायचा अधिकार नाही. म्हणून ते क्षुल्लक आहे असं मात्र नाही. हायस्कूलला यूसीच्या ए-जी विषयांची (यूसी प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या विषयांची) यादी ठेवायची असेल तर ॲक्रेडिटेशन लागतंच. आपल्या विषयांचे क्रेडिट दुसऱ्या शाळेत चालतील का, कॉलेजप्रवेशाला धरले जातील का, हे पालकांना कसं कळवणार, हेही हायस्कूलचे वर्ग असलेल्या चार्टर शाळेला आपल्या अर्जातच लिहावं लागतं. आठवीपर्यंतच्या शाळेत यूसीचा हा मुद्दा थेट येत नाही.

'अडचणी बाहेर आल्या तर मान्यता जाईल.'

हा समज कुठून येतो ते कळण्यासारखं आहे. नॅकची समिती येणार म्हणून रंगरंगोटी करून सजलेलं कॉलेज आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. पण नॅक देत आलं तशी ए प्लस प्लस श्रेणी वास्क देत नाही. तिथे ठरतो तो दर्जा आणि त्याची मुदत: सहा वर्षं आणि मध्ये प्रगती अहवाल, किंवा सहा वर्षं आणि मध्ये समितीची भेट, किंवा एक-दोन वर्षांची प्रोबेशन, किंवा नकार. हे ठरवताना शाळेत त्रुटी आहेत का एवढंच पाहत नाहीत. शाळेला आपल्या त्रुटी माहीत आहेत का, त्या शोधताना शिक्षक, विद्यार्थी, पालक सगळे सामील होते का आणि कृती आराखडा त्याच त्रुटींवर बेतलेला आहे का, हे बारकाईने पाहतात.

समितीतली माणसं दुसऱ्या शाळांतले शिक्षक आणि प्रशासक असतात. डॅशबोर्डचे आकडे ते भेटीआधीच वाचून येतात. तिथे गणित लाल पट्ट्यात, गैरहजेरी वाढलेली आणि स्वयंमूल्यांकन अहवालात 'पालक अत्यंत समाधानी' एवढंच असेल, तर शाळेची स्वतःकडे पाहण्याची तयारी नाही असाच निष्कर्ष निघतो. दडवलेली अडचण मांडलेल्या अडचणीपेक्षा महाग पडते.

'सर्व्हे भरला, पालकांचा सहभाग झाला.'

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. समजा शाळेत ४८० कुटुंबं आहेत. मे महिन्यात ईमेलवर इंग्रजी सर्व्हेची लिंक गेली आणि ९६ उत्तरं आली, म्हणजे २० टक्के. त्यातली ६० सहावी-सातवीच्या पालकांची. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांची ११० कुटुंबं, त्यांची उत्तरं फक्त ७. अहवालात मात्र छापून येतं: '९० टक्के पालक समाधानी'. हे वाक्य ४८० कुटुंबांबद्दल काहीच सांगत नाही. जी कुटुंबं आधीच शाळेशी जोडलेली आहेत ती जोडलेली आहेत, एवढंच त्यातून कळतं.

हे टाळता येतं. वसंत ऋतूत समिती येणार असेल तर सर्व्हे त्याच्या आदल्या शैक्षणिक वर्षातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावा. अहवाल भेटीच्या सुमारे सहा आठवडे आधी समितीकडे जातो, त्यामुळे मेमध्ये आलेल्या उत्तरांवर चर्चा करायला सुट्टीआधी वेळच उरत नाही. उत्तर प्रत्येक मुलामागे घ्यायचं की कुटुंबामागे, हे आधी ठरवा, नाहीतर टक्केवारी कशाची काढली तेच कळणार नाही. इयत्ता, घरची भाषा आणि आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहे का, हे तीन प्रश्न नाव न विचारता ठेवा. उत्तरं या गटांप्रमाणे वेगळी काढा, आणि एखाद्या गटात पाच-सातच उत्तरं असतील तर टक्केवारी न छापता त्या कुटुंबांना फोन करा. भाषांतर यंत्राकडून करून घेतलं तर ती भाषा बोलणाऱ्या एका पालकाकडून वाचून घ्या. 'इंटरव्हेन्शन', 'बेंचमार्क' असले शब्द भाषांतरातही तसेच उरतात आणि पालक तो प्रश्न सोडून देतात.

प्रश्नही बदलायला हवेत. 'शाळा पालकांशी चांगला संवाद ठेवते' याला सहमत म्हणणं सोपं आहे आणि त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा: 'मूल एखाद्या विषयात मागे पडत असल्याचं रिपोर्ट कार्डाच्या आधी तुम्हाला कुणी कळवलं का? कसं कळवलं? त्यानंतर काय झालं?' अशा आठ-दहा प्रश्नांतून अहवालाच्या ई गटासाठी, म्हणजे शाळेचं वातावरण आणि विद्यार्थ्यांना मिळणारा आधार यासाठी, खरा पुरावा मिळतो.

'समितीसमोर नीट बोलणारे पालक पाठवा.'

भेटीच्या वेळापत्रकात पालकांची बैठक असते. तिथे बोर्डावरचे आणि पालक संघटनेचे तेच सहा चेहरे बसले, तर शाळेला बाकीचे पालक जोडता आले नाहीत हे समितीला लगेच कळतं. दहा-बारा जणांत यंदाच प्रवेश घेतलेलं एक कुटुंब, आयईपी असलेल्या मुलाचे पालक, घरी इंग्रजी न बोलणारे दोघं-तिघं आणि पाळीत काम करणारं कुणीतरी असायलाच हवं. पाळीवाल्यांसाठी बैठक संध्याकाळी किंवा व्हिडिओवर ठेवा. दुभाषी शाळेचा कर्मचारी नसावा, आणि स्वतःचं मूल तर नकोच. मुख्याध्यापकांनी त्या खोलीत थांबू नये.

पढवून पाठवलेली उत्तरं एका सुरात येतात आणि ओळखू येतात. 'शिक्षक खूप छान आहेत' यापेक्षा 'ऑक्टोबरपासून गणिताला कायमचा शिक्षक नव्हता, बदली शिक्षक येत राहिले, डिसेंबरात शाळेनं शनिवारचे वर्ग लावले आणि माझी मुलगी त्यांना जाते' हे उत्तर शाळेच्या कितीतरी जास्त बाजूचं आहे. त्यात अडचण आहे आणि शाळेनं उचललेलं पाऊलही आहे.

एक मर्यादा मात्र पाळावी. वैयक्तिक तक्रार या बैठकीत मांडू नये आणि दुसऱ्या मुलाचं नाव घेऊ नये. समिती तक्रारींचा निवाडा करत नाही. त्यासाठी शाळेची तक्रार निवारण पद्धत आहे.

'ज्यांना वेळ आहे त्यांनीच यात पडावं, शिवाय तास भरून निघतात.'

शाळेत राहण्यासाठी पालकांनी स्वयंसेवेचे तास भरलेच पाहिजेत अशी अट कॅलिफोर्नियातली चार्टर शाळा घालू शकत नाही. सहभाग सक्तीचा नाही हे पालकांना कळवणंही कायद्यानं शाळेवर बंधनकारक आहे. स्वयंमूल्यांकनाच्या कार्यगटाच्या यादीत नाव घालून घ्यायचं आणि बैठकीला जायचं नाही, हा प्रकारही थांबायला हवा. समितीनं त्या पालकाला 'तुमच्या गटानं कोणता पुरावा पाहिला?' एवढं विचारलं तरी ते उघडं पडतं. वर्षभर चार बैठका जमत नसतील तर एकाच बैठकीला या, पण आकडे वाचून या.

'समिती गेली की विषय संपला.'

शेवटच्या दिवशी समिती आपले निष्कर्ष सांगते, पण दर्जाची शिफारस गोपनीय राहते आणि निर्णय आयोग घेतो. निर्णयाचं पत्र आणि समितीचा अहवाल आला की तो मागून वाचा. त्यातली वाढीची क्षेत्रं कृती आराखड्यात घालून पुढची सहा वर्षं शाळेला त्यांवर काम करायचं असतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मध्यावधी आढावा येतो.

हा आराखडा दरवर्षी १ जुलैपर्यंत मंजूर होणाऱ्या एलकॅपशी, म्हणजे शाळेची उद्दिष्टं आणि त्यांवरचा खर्च मांडणाऱ्या योजनेशी, जुळवून पाहा. वास्कच्या आराखड्यात 'घरच्या भाषेत संपर्क' आणि एलकॅपमध्ये त्यासाठी एक डॉलरही नाही, असं दिसलं तर बोर्डाच्या बैठकीत विचारा. २०१९च्या एसबी १२६ कायद्यामुळे चार्टर शाळांच्या बोर्डांना ब्राउन ॲक्ट, म्हणजे खुल्या बैठकांचा कायदा, लागू आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर व्हावीच लागते आणि बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. एलकॅपचा मसुदा बहुधा मे-जूनमध्ये बोर्डापुढे येतो. प्रश्न त्याच बैठकीत विचारा, कारण पैसे कुठे जाणार हे तिथेच ठरतं.