आईच्या दुधातून कॅन्सर? त्या फॉरवर्डबद्दल

‘स्तनाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, आईच्या दुधातून लेकीला लागतो. 1936 पासून हे ठाऊक आहे, पण दडपलंय. गाठीत विषाणू सापडलाय. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी मुलीला अंगावर पाजू नये.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. यातलं साल मात्र बरोबर आहे.

‘1936 पासून ठाऊक आहे.’ हो, उंदरांबद्दल. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी कॅन्सर-प्रवण वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वाणाच्या माद्यांच्या अंगावर वाढवली, तर त्यांच्यात कॅन्सर कमी झाला. दुधातला तो ‘घटक’ पुढे विषाणू निघाला.

‘दडपलंय.’ मुंबईत कमल रणदिवे यांनी उंदरांच्या याच कॅन्सरवर, त्यातल्या विषाणूवर काम केलं आणि 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. दडपण्याची ही तऱ्हा नवीनच म्हणायची.

‘दुधातून लागतो.’ मुंबईच्या पारशी बायकांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण जास्त होतं, म्हणून त्यांचं दूध तपासलं गेलं. त्यात विषाणूसारखे कण दिसल्याचं 1971 मध्ये ‘नेचर’ने छापलं. पण ‘सारखे’ हा शब्द फॉरवर्डमध्ये गळतो. आणि आईला कॅन्सर झालेल्या लेकींमध्ये अंगावर प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या अशी तुलना केली, तेव्हा प्यायलेल्यांना धोका जास्त आढळला नाही.

‘गाठीत विषाणू सापडलाय.’ खरा वादाचा मुद्दा हा. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाला सुमारे 38 टक्के गाठींत उंदराच्या विषाणूशी जुळणारा जनुकाचा तुकडा मिळाला. काहींना तो नंतरही मिळाला, अनेकांना मिळाला नाही. डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी पीसीआर चाचणी इतकी तिखट कानाची की प्रयोगशाळेतल्या उंदराच्या डीएनएचा अंशही तिला ऐकू येतो. एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू असाच 2006 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ‘सापडला’ होता; तो प्रयोगशाळेतच तयार झालेला निघाला. आणखी एक गोष्ट मला जास्त पटते. एड्समध्ये किंवा किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती खालावते, तेव्हा कपोसी सार्कोमा, लिम्फोमा असे विषाणूंशी जोडलेले कॅन्सर कितीतरी पटींनी वाढतात. स्तनाचा वाढत नाही. यावरून शक्यता शून्य ठरत नाही, म्हणून शोध चालूच आहे.

‘अंगावर पाजू नये.’ इथे मात्र चीड येते. 30 देशांतल्या 47 अभ्यासांची आकडेवारी 2002 मध्ये एकत्र केली, तेव्हा स्तनपानाच्या दर 12 महिन्यांमागे आईचा स्वतःचा धोका 4.3 टक्क्यांनी कमी होताना दिसला.