कॅल्शियम पर्णरंध्रं उघडत नाही, मिटवतं

टोमॅटोवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: कॅल्शियम भर दुपारी फवारा, उन्हाने पानांची छिद्रं (पर्णरंध्रं) सताड उघडी असतात, कॅल्शियम ती आणखी उघडतं आणि फळापर्यंत पोचतं.

उन्हाचं म्हणणं अर्धं खरं. उन्हातला निळा प्रकाश छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतली फोटोट्रॉपिन प्रथिनं टिपतात, पेशी प्रोटॉन बाहेर टाकू लागते, मग पोटॅशियम आत येतं आणि त्यामागोमाग पाणी. दोन्ही पेशी फुगून बाक धरतात, मधली फट उघडते. पण एप्रिलच्या दुपारी मुळांचा पुरवठा कमी पडला, की लख्ख उजेडातही बरीच पिकं रंध्रं आवळून घेतात. सल्ल्याने वेळ निवडली तीच नेमकी चुकीची.

कॅल्शियमचा दावा तर सपशेल उलटा आहे. पाण्याचा ताण पडला की अ‍ॅब्सिसिक आम्ल हे वनस्पतीचं संप्रेरक वाढतं आणि रक्षक पेशीच्या आतल्या द्रवातलं मोकळं कॅल्शियम उसळी घेतं. एरवी ते लिटरमागे मोलच्या साधारण एक कोटीव्या भागाइतकंच असतं. ते वाढलं की प्रोटॉन बाहेर टाकणारा पंप मंदावतो, ऋण आयनांच्या (ऋणभारित कणांच्या) बाहेर जायच्या वाटा उघडतात, पाठोपाठ पोटॅशियम आणि पाणी बाहेर पडतं, पेशी सैलावतात, फट मिटते. आपल्या बांधावरच्या केन्याच्या भावकीतली एक वनस्पती आहे, कॉमेलिना कम्युनिस. 1980च्या दशकात तिच्या पानाची पातळ साल सोलून द्रावणात ठेवली, तेव्हा द्रावणातल्या कॅल्शियमने रंध्रं उघडायला अडथळाच केला.

म्हणून फवारा मारला की पान गुदमरेल, असाही अर्थ काढू नका. अख्खं पान जादा कॅल्शियम पेशीभित्तीत आणि रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) अडकवून ठेवतं. पेशीतली ती उसळी निरोपापुरती, खताच्या मात्रेशी तिचा संबंध नाही.

शिवाय रंध्र म्हणजे नरसाळं नव्हे. पृष्ठताणामुळे साधं पाणी त्यातून ओतलं जात नाही. पान ओलं राहिलं तर थोडं कडेकडेने झिरपतं. दुपारी थेंब सुकतो आणि वर मीठ उरतं.

राहिलं फळ. पानात शिरलेलं कॅल्शियम तिथून फळाकडे जवळजवळ वळतच नाही. ते मुळांकडून पाण्याबरोबर चढतं, आणि पाणी ओढतात मुख्यतः पानं. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बऱ्याचदा जमिनीत कॅल्शियम असूनही, पाणी कधी तुडुंब कधी कोरडं दिल्यामुळे. आधी ठिबकचं वेळापत्रक सुधारा. फवारायचंच असेल तर कोवळ्या फळांवर, ऊन उतरल्यावर.