एकदा बर्डीवर भेटा ना सगळे!

नागपूरहून परत येऊन आठवडा होत आला, डोकं अजून तापलेलंच आहे. उन्हानं नाही हो, ऊन परवडलं. नातेवाईकांनी.

माझं माहेर नागपूर आणि सासरही नागपूर. लोक म्हणतात, किती सोयीचं! कसली सोय, डबल ड्यूटी आहे नुसती. पुण्यात बॅगा भरायला घेतल्या की फोन सुरू. "येऊन राहिले ना? मग पहिलं जेवण आमच्याकडे." हेच वाक्य प्रत्येक घरातून. अहो, पहिलं जेवण एकच असतं! ते ज्यांच्या घरी होईल ते सोडून बाकी सगळे फुगलेले. मामांकडे जेवलो आणि आत्यांकडे नुसता चहा घेतला, ही बातमी आम्ही मामांचा जिना उतरायच्या आत हुडकेश्वरला पोचलेली असते. मग आत्या दारातच, "बसा, आमच्याकडचं काही तुम्हाला चालत नसेल म्हणा."

आणि घरं कुठे कुठे? दीर महालात, मामा झिंगाबाई टाकळीला, आत्या हुडकेश्वरला, मोठे बाबा म्हणजे थोरले काका हिंगणा रोडवर. देशाचा मध्य म्हणून झिरो माईलचा दगड मिरवणारं हे गाव, आणि आमचे लोक मात्र एकजात चार कोपऱ्यांत. या वेळी मी निघायच्या आधीच सगळ्यांना सांगितलं होतं की एका संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला भेटू. मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही लाइनी सीताबर्डीलाच एकमेकींना मिळतात. खापरीकडून या नाहीतर ऑटोमोटिव्ह चौकाकडून, लोकमान्य नगरहून या नाहीतर प्रजापती नगरहून, उतरायचं एकाच ठिकाणी. एसी हॉटेल, बिल आमचं, सगळे एका टेबलाशी, निवांत गप्पा. काय चुकलं यात?

"काहून? आमची घरं पडली का?"

संपला विषय. म्हणजे भेट झाली नाही तरी चालेल, पण घरी येऊन गेलो ही नोंद झाली पाहिजे. तेच खरं दुखणं आहे. कोणालाच कोणाला भेटायचं नसतं. नुसती हजेरी लावायची.

खोटं वाटतंय? बघा एका घरात काय होतं ते. आपण गेलो की काकू स्वयंपाकघरात. पाणी येतं, पन्हं येतं, मग प्लेट. चिवडा, त्यावर शेव, कडेला संत्रा बर्फी, आणि मधोमध आलुबोंडा, ज्याची ओली चटणी हळूहळू वाहत बर्फीखाली शिरलेली. ती चटणी लागलेली बर्फी हसत हसत खायची. इकडे कूलर घरघरतोय, त्याच्या वरताण म्हणून काकांनी टीव्ही मोठा केलेला, आणि त्या दोघांच्या वरताण आम्ही ओरडून बोलतोय. बोलायचं तरी काय, तर "पुण्यात फ्लॅट कितीला झाला आता?" आणि "पोरीला किती पर्सेंट?" काकू अधूनमधून झारा हातात घेऊन डोकावतात, "काहीच घेतलं नाही तुम्ही!" आणि परत आत. ज्या काकूंना भेटायला एवढ्या लांबून आले, त्यांची मला पाठ दिसली. फक्त पाठ, ती पण ओट्याशी.

मे महिना, बाहेर पारा ४४-४५ वर. अशात दुपारी ताटात रस, कुरडया, भजी आणि वरून सरगुंडे. रसाला नाही म्हणायची सोयच नाही. मग तीन वाजता तोंडाला दुपट्टा बांधून, पोटाचा नगारा सांभाळत पुढच्या घरी, कारण तिथून फोनवर फोन, "निघाले नाही का अजून?" माझा नवरा मात्र प्रत्येक घरी दिवाणावर आडवा होऊन कूलरसमोर घोरतो. वर मलाच सांगतो, "वर्षातून एकदा तर जातो आपण, एवढं काय त्यात?" झोपलेल्या माणसाला काय होणार आहे!

यात भरडली कोण गेली, तर माझी मैत्रीण. कॉलेजपासूनची. गेल्या वर्षी तिची आई गेली, तेव्हा मला जाता आलं नव्हतं. या वेळी पूर्ण सकाळ तिच्यासाठी ठेवली होती. तर्री पोहे खायचे आणि मग फुटाळा तलावावर जाऊन बसायचं. तिनं ऑफिसातून सुट्टी काढली होती. आदल्या रात्री मोठ्या आईंचा फोन आला, "उद्या सकाळी इकडेच या, मी तयारी करून राहिली." बस. मैत्रिणीच्या वाट्याला काय आलं, तर त्रिमूर्ती नगरात तिच्या गेटपाशी उभ्या उभ्या पंधरा-वीस मिनिटं. मागे गाडी चालू, नवऱ्याचा हॉर्न, माझ्या पर्समध्ये फोन वाजतोय. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती सांगत होती हो! आणि फोनवर काय, तर "भजी गार होऊन राहिली." संताप, नुसता संताप.

वर उपदेश, "आता समृद्धी झाला, काय लागते यायला?" समृद्धी नागपूर-मुंबई आहे, ७०१ किलोमीटर, आणि पुण्याला शिवतसुद्धा नाही! आम्हाला तो पकडायला आधी संभाजीनगर गाठावं लागतं. आणि रस्ता काय एकाच बाजूनं चालतो का? या की तुम्ही पण कधी. तेव्हा मात्र गुडघे दुखतात, तुळशीला पाणी कोण घालेल, पुण्याचं पाणी सोसत नाही.

निघताना मामींनी स्टीलचा भलामोठा डबा हातात दिला, कुरडयांनी गच्च भरलेला. प्रेम आहे, कोण नाही म्हणतंय. पण काल फोन आला, "डबा पुढच्या वेळी आठवणीनं घेऊन येजो हं. आणि पहिलं जेवण आमच्याकडे."

कुरडया संपल्या की डबा कुरिअरनं पाठवतेय.