पांडुरंगाचं वागणं आणि कादंबरीचं म्हणणं

माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद आहे: अकरावी-बारावीतल्या पोरांच्या हाती भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी द्यावी की नाही. आमच्या जिभाऊंचं मत ठाम आहे. तिच्या नायकानं, पांडुरंगानं, बापाचा पैसा पुण्यात उडवायचा, परीक्षेत आपटायचं आणि हात हलवत गावी यायचं, “हाऊ काय आदर्श शे का? असा पोऱ्या घरमा नको.” त्यापेक्षा साने गुरुजी द्या, अमळनेरच्या शाळेत शिकवलेले, म्हणजे आपलेच. त्यावर भाच्यानं कळवलं की नेमाडे तर सांगवीचे, खानदेशातच जन्मलेले. झालं, पुस्तक राहिलं बाजूला आणि कोण जास्त आपलं यावर दोन दिवस गेले.

हे सगळं मी ओहायोत बसून वाचते. इथं माझी आठवीतली लेक शाळेसाठी ‘द आउटसायडर्स’ वाचतेय. एस. ई. हिंटन यांची ही कादंबरी १९६७ साली आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. गरीब वस्तीतली पोरं, श्रीमंतांची पोरं, मारामाऱ्या, चाकू, सिगारेटी, एक खून. जिभाऊंच्या चाळणीतून ही खाली पडणार नाही. अमेरिकेतही जिभाऊ आहेतच म्हणा. याच पुस्तकावर इथल्या पालकांनी वेळोवेळी हरकती घेतल्यात.

पण लेकीच्या बाईंनी वर्गात विचारलेला एक प्रश्न मला फार आवडला. गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईवडील अपघातात गेलेत, थोरला भाऊ डॅरी विशीत घर ओढतोय. पोनीबॉयची पक्की खात्री की डॅरीला आपण नकोसे आहोत. बाईंनी विचारलं, त्याचं हे म्हणणं खरं मानायचं का? पोरांनी पानं उलटली. डॅरीवर चिडून पोनीबॉयनं जे सांगितलंय, त्यातच डॅरीचं राबणं आहे, पोरगा वेळेवर घरी आला नाही म्हणून जागणं आहे. पुढे इस्पितळात डॅरी रडतो तेव्हा पोनीबॉयला उमगतं. नीट वाचणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. सांगणारा एक म्हणतो आणि कादंबरी दुसरंच दाखवते. मला वाटतं, पात्र, सूर आणि आशय या तिन्हींचा अभ्यास इथूनच सुरू व्हावा.

‘कोसला’कडे असं पाहा. १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडेही पंचविशीतच होते. पांडुरंग सांगवीकर स्वतःच सगळं सांगतो आणि वाक्यावाक्यात ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ पेरत जातो. त्यामुळे तो जे बोलतो त्यावर त्याचा स्वतःचा तरी किती विश्वास आहे, अशी शंका येत राहते. वडिलांवरचा राग, कॉलेजातल्या थोरामोठ्यांची टिंगल, सगळं त्याच आडून. मग धाकटी बहीण जाते. तिथं ती टवाळी त्याला पुरत नाही. तो भाग वाचल्यावर आधीची पानं पुन्हा उघडावीशी वाटतात, कारण हसण्याखाली काय दाबलेलं होतं ते आता ऐकू येतं. पांडुरंगाचं वागणं चांगलं की वाईट, एवढंच विचारलं तर यातलं काहीच हाती लागत नाही.

आणि जिभाऊंच्या लाडक्या ‘श्यामची आई’चं काय? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आदर्श मुलाचं नाहीच. पोहायला घाबरून लपणारा, त्यापायी आईचा मार खाणारा श्याम त्यात आहे. त्याच्या गोष्टी सांगतो तो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या सोबत्यांना, रात्री. सांगणाऱ्याच्या आवाजात हळहळ आहे, ती त्या पोराला त्या वेळी कुठून असणार! हे अंतर कुणी दाखवत नाही. ‘संस्कार’ म्हटलं की आमचं वाचन संपतं.

आपल्या बोर्डाच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. कल्पना उत्तम. पण गाईडात स्वमताची तयार उत्तरं मिळतात आणि पोरं स्वतःचं मत पाठ करून परीक्षेला जातात. हसू येतं, पण इथलंही फार वेगळं नाही. लेकीच्या वहीत सूर सांगणाऱ्या शब्दांची छापील यादी चिकटवलेली आहे. त्यातला एक उचलायचा, मग विधान, मग कादंबरीतलं अवतरण, मग स्पष्टीकरण, त्याच क्रमानं. साचा भरला की गुण. ‘उदास’ आणि ‘हताश’ यांत तिनं एकदा नाणं उडवून निवड केली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाईंचा तो प्रश्न मात्र कुठल्याच साच्यात नव्हता, आणि त्या दिवशी लेक जेवताना तासभर डॅरीबद्दल बोलत होती.

म्हणून मी ग्रुपवर ‘कोसला’ची वकिली केली नाही. एवढंच लिहिलं, “जिभाऊ, पांडुरंग बापाबद्दल जे सांगतो, ते तुम्हाला पटतं का?” उत्तरादाखल एकामागून एक तीन व्हॉइस मेसेज आले. बाप तसा नव्हता, पोरगा अर्धवट सांगतोय, अमक्या ठिकाणी बघ, तमक्या ठिकाणी बघ. जिभाऊंनी ‘कोसला’ भाच्यापेक्षा बारकाईनं वाचलीय. पोरांना द्यायची नाही, हे मत मात्र कायम आहे.