जे वादळ पुढे सरकलंच नाही

अमेरिकेजवळच्या बहामास बेटांना २०१९ साली डोरियन वादळ धडकलं, तेव्हापासून एक वाक्य कानावर पडतंय : "एवढ्या वाऱ्यापुढे कुठलं घर टिकणार?" सामान्य माणूस म्हणाला तर समजू शकतो. पण माझ्याच क्षेत्रातले, घरांच्या नकाशांवर सह्या करणारे लोक असं बोलतात तेव्हा राग येतो. कारण तिथे घरं टिकली होती. सगळी नाही, पण टिकली. आणि जी गेली ती का गेली हे बऱ्यापैकी सांगता येतं. "निसर्गापुढे कोणाचं चालतंय" म्हणून विषय मिटवला की पुढच्या वेळी तीच घरं, त्याच जागी, तशीच बांधली जातात.

१ सप्टेंबर २०१९ च्या दुपारी डोरियन अबाको बेटांपैकी एल्बो के या चिंचोळ्या बेटावर आलं. वाऱ्याचा सलग वेग ताशी साधारण २९५ किलोमीटर. अटलांटिकमध्ये जमिनीवर येताना इतका वेग त्याआधी फक्त १९३५ च्या एका वादळात नोंदला गेला होता. तिथून ते मार्श हार्बर गावावरून गेलं आणि रात्री ग्रँड बहामा बेटावर पोचलं. आणि तिथे थांबलं. चक्रीवादळ स्वतःच्या इंजिनावर चालत नाही, आजूबाजूच्या हवेचे मोठे प्रवाह त्याला ढकलत नेतात. त्या दिवसांत उत्तरेकडचा उच्च दाबाचा पट्टा कमजोर पडला आणि डोरियनला ढकलणारंच कोणी उरलं नाही. एका दिवसाहून जास्त वेळ ते जवळजवळ जागच्या जागी फिरत राहिलं. पुढे सरकण्याचा वेग ताशी दीड-दोन किलोमीटर, काही काळ तर शून्यच. रमतगमत चालणारा माणूसही याहून लवकर पुढे जाईल.

बातम्यांत सगळा भर 'कॅटेगरी पाच' यावर असतो. कॅटेगरी म्हणजे फक्त वाऱ्याचा वेग. वादळ किती वेळ डोक्यावर राहणार आणि समुद्र किती वर चढणार, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. आणि घराला मारतात त्या मुख्यतः याच दोन गोष्टी.

आधी वाऱ्याचं बघू. बहामासचे बांधकामाचे नियम कॅरिबियन भागात कडक मानले जातात. ताशी १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटरच्या आसपासचा वारा धरून तिथे घरं बांधायची असतात. डोरियन १८५ मैलांचं होतं. फरक पस्तीसच मैलांचा वाटतो, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे घरावर हिशोबाच्या दीडपट दाब आला. तरीही आकाशातून काढलेल्या फोटोंत सपाट झालेल्या वस्तीच्या शेजारी छपरासकट उभी असलेली घरं दिसतात. हिशोबात राखलेली सुरक्षेची जादा ताकद तिथे कामी आली.

छप्पर उडतं म्हणजे नेमकं काय होतं? वारा वरून दाबत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने जाताना आढ्याजवळ आणि कडांना वरच्या बाजूला ओढ तयार होते. तोवर घर बंद असेल तर बरंचसं निभावतं. मग उडत आलेली एखादी फळी खिडकीवर आदळते, काच फुटते, वारा आत शिरतो आणि आतून छपराला वर ढकलायला लागतो. वरून ओढ, खालून रेटा. आता सगळं एका जागी येऊन ठेपतं : वासा भिंतीला कशाने बांधलाय? दोन तिरके खिळे ठोकले असतील तर ते लोण्यातून निघाल्यासारखे निघतात. त्याऐवजी वाशावरून वळसा घालून दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी पक्की केलेली गॅल्व्हनाइज्ड पट्टी असेल, ती भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला धरलेली असेल, त्या पट्ट्यातली सळई पोकळ ब्लॉकमधून थेट पायापर्यंत उतरलेली असेल, तर वाऱ्याला नुसतं छप्पर उचलून चालत नाही, अख्खं घर उचलावं लागतं. ही पट्टी तळहाताएवढी असते. घराच्या एकूण खर्चात तिची किंमत मोजण्यासारखी नसते. पण छताचं काम झाकलं गेलं की ती कुणाला दिसत नाही, म्हणून तीच वगळली जाते. जगात कुठेही बघा, हेच.

दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरं, कारण वाऱ्याला सरळ छाती देणारी त्रिकोणी भिंत त्यात नसते. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवायचं, म्हणजे गेलं तर एकटं जातं. खिडक्यांना झडपा हव्यात. यातलं काहीच नवं नाही, तिथल्या जुन्या सुतारांनाही हे ठाऊक होतं. एल्बो केवरच होप टाऊनचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह आहे, एकोणिसाव्या शतकातलं, रॉकेलच्या दिव्यावर चालणारं. डोरियन थेट त्याच्यावरून गेलं. दीपगृह उभं आहे.

आता वेळेचं, आणि माझ्या मते यावर सगळ्यात कमी बोललं जातं. वारा एकसारखा दाब देत नाही, झोत येतात, ओसरतात, पुन्हा येतात. प्रत्येक झोताला पत्रा स्क्रूभोवती थोडा वर येतो, थोडा खाली बसतो. चार-पाच तासांत वादळ निघून गेलं तर तो निभावतो. दीड दिवस हेच चाललं तर स्क्रूच्या भोकाभोवती बारीक चिरा जातात आणि एका क्षणी, कदाचित आधीच्यापेक्षा हलक्याच झोताला, पत्रा स्क्रू सोडून निघून जातो. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियात डार्विन शहरावर ट्रेसी वादळ आलं, तेही संथ होतं. शहरातली बहुसंख्य घरं गेली. नंतर तपासणीत पत्र्यांचा हा थकवा स्पष्ट दिसला. तेव्हापासून तिथे छपराचे पत्रे हजारो वेळा खालीवर दाबून तपासायची पद्धत पडली. एकदाच जोर लावून तपासलेला पत्रा अशा वादळात काय करेल, यावर मी तरी सही करणार नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की हवामानशास्त्रज्ञ जेम्स कॉसिन यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार १९४९ ते २०१६ या काळात जगभरातल्या चक्रीवादळांचा पुढे सरकण्याचा वेग सुमारे दहा टक्क्यांनी घटला. जुन्या नोंदी किती भरवशाच्या, यावरून शास्त्रज्ञांत वाद आहे. तो चालू दे. २०१७ चं हार्वे वादळ अमेरिकेतल्या टेक्सासवर बसून राहिलं, दोनच वर्षांनी डोरियन बसून राहिलं. घर बांधणाऱ्याला एवढं पुरेसं आहे.

पाण्यापुढे मात्र पट्टी, सळई, झडपा, काहीही चालत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते लाटेच्या वेगाने येतं, वर मोडकी लाकडं, होड्या, गाड्या घेऊन. ग्रँड बहामाच्या उत्तरेला मैलोन्‌मैल उथळ समुद्र आहे. वादळ हलेना, वारा तासन्‌तास तेच पाणी बेटावर लोटत राहिला, आणि उथळ जागी पाण्याला वर चढण्याशिवाय वाट नसते. पाणी वीस फुटांच्या घरात चढलं. तिथल्या फ्रीपोर्ट शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत माणसं आधी टेबलावर, मग ओट्यावर, मग छताच्या पोकळीत चढली. विमानतळ पाण्याखाली गेला. बहामासच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी आपल्या घराच्या खिडकीवर लाटा आपटतानाचा व्हिडिओ टाकला होता, तो मी अनेकांना दाखवतो. ओहोटीला पाणी उतरून जावं तर वारा उतरू देईना. अशा ठिकाणी एकच इलाज : राहता मजला पाण्याच्या वर, भक्कम खांबांवर. खाली भिंती घालायच्याच तर पाण्याने फुटून वाहून जातील अशा, म्हणजे त्या खांबांना सोबत ओढणार नाहीत. आणि छताच्या पोकळीतून बाहेर पडायला एक झडप, नाहीतर जीव वाचवायला चढलेली जागाच सापळा होते.

मला सगळ्यात जास्त छळते ती मार्श हार्बरची 'द मड' नावाची वस्ती. हैतीहून आलेल्या लोकांची, सखल जागेवर, प्लायवूडच्या खोल्या एकमेकांना चिकटून. अबाकोतल्या श्रीमंतांची घरं बांधणारे, त्यांच्या बागा राखणारे लोक इथे राहायचे. जमीन नावावर नाही, म्हणून परवाना नाही, म्हणून नियम नाही, म्हणून तपासणीला कोणी येत नाही. ही वस्ती अक्षरशः पुसली गेली, आणि तिचं प्लायवूड उडत जाऊन इतरांवर आदळलं. बहामासमध्ये मृतांचा अधिकृत आकडा सत्तरच्या थोडा वर आहे, बेपत्ता त्याहून कितीतरी जास्त. ज्यांची नोंदच कुठे नव्हती त्यांना कोण मोजणार? मार्श हार्बरमधली सरकारी इमारत उभी राहिली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं तिच्या आसऱ्याला आली. नंतर सरकारने त्या वस्त्यांत पुन्हा बांधायला बंदी घातली, ते समजू शकतो. पण पर्यायी जागा देण्याआधीच हैतीच्या लोकांना परत पाठवायला सुरुवात झाली. नियम कितीही उत्तम असोत, गावातल्या सर्वात गरीब माणसाला ते लागू होत नसतील तर तो नियम अर्ध्याच गावाचा आहे.

आपल्याकडचं थोडं बोलतो, कारण हे लिहिताना श्रीवर्धन-दिवेआगर डोळ्यांसमोर येतंच. ३ जून २०२० चं 'निसर्ग' चक्रीवादळ डोरियनच्या निम्म्याहूनही कमी वेगाचं होतं आणि काही तासांत निघून गेलं. तरी घरंच्या घरं उघडी पडली. मी पाहिलेल्या अनेक घरांत पत्रे त्यांना पाइपाला धरणाऱ्या जे-हुकसकट, हुक पाइपासकट उडाले होते. पाइप भिंतीवर नुसता टेकवलेला, वर चार विटा आणि सिमेंटचा गोळा. वाऱ्याच्या भाराचं आपलं मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, २०१५ ची आवृत्ती, चक्रीवादळासाठी वेगळा गुणक देतं. दवाखाने, निवारा केंद्रं अशा इमारतींना वाऱ्याचा वेग १.३ पट धरायचा. पण हा गुणक पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या साठ किलोमीटर पट्ट्यापुरता आहे. कोकण त्यात नाही. 'निसर्ग' आणि २०२१ च्या तौक्ते वादळानंतर हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. बदलेपर्यंत, कोकणात शाळा, दवाखाना किंवा सभागृह बांधणाऱ्या इंजिनिअरांनी तो गुणक स्वतःहून धरावा. मानकात लिहिलेलं नसलं तरी कोणी अडवत नाही.

पावसाआधी पत्रे टाकणार असाल तर फॅब्रिकेटरला पत्र्याचा गेज आणि रंग नंतर विचारा. आधी विचारा, पाइप भिंतीला कशाने धरणार आहेस. "सिमेंटने" असं उत्तर आलं तर काम थांबवा, खाली बीम किंवा लिंटेलपर्यंत जाणारी सळई वर काढून घ्या आणि मगच वेल्डिंग सुरू करू द्या.