ज्याची उलाढाल मोठी, त्यालाच निधी?

गेले काही दिवस शेतीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. सार असं, की संशोधनाचा सरकारी पैसा कोरडवाहू पिकांवर वाया जातो. पन्नास वर्षांत ज्वारी, बाजरी, तूर, हरभऱ्यातून काही निघालं नाही, निघालं ते गावापर्यंत पोचलं नाही. तेव्हा ज्या पिकाची उलाढाल मोठी, त्याला त्या प्रमाणात निधी द्या. कोरडवाहूचं बियाणं कंपन्या बघून घेतील. एक चांगलं वाण काढलं की सगळीकडं चालेल, आणि पाणी आलं की प्रश्नच मिटला. शेवटी ‘पटलं तर पुढं पाठवा’. मला पटलं नाही, म्हणून हा उत्तराचा उद्योग.

‘पन्नास वर्षांत काही निघालं नाही.’

बाजरी घ्या. 1950 च्या दशकात देशाची सरासरी हेक्टरी तीनशे-साडेतीनशे किलो होती. आज ती बाराशेच्या पुढं आहे. या काळात बाजरी चांगल्या जमिनीतून हटत हटत वाळूत आणि मुरमात गेली, तरीही. मधे सपाटून मारही खाल्ला. 1965 साली एचबी-1 हा पहिला संकरित वाण आला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि सत्तरीच्या सुरुवातीला गोसावी रोगानं, म्हणजे कणसात दाण्याऐवजी पाला आणणाऱ्या रोगानं, त्या पिढीतल्या संकरित वाणांची दाणादाण उडवली. पुढं 1990 मध्ये हरियाणातून एचएचबी-67 आला. साधारण दोन महिन्यांत निघणारा, म्हणजे पाऊस पाठ फिरवायच्या आत घरात येणारा. त्यालाही गोसावी गाठणार हे दिसू लागलं तेव्हा हरियाणातल्या हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय केंद्रातल्या संशोधकांनी त्याच्या जनक वाणांत रोगप्रतिकार आणून 2005 मध्ये सुधारित वाण दिला. यात उत्पादनाची मोठी उडी नव्हती. हातातलं जाऊ नये म्हणून केलेली ती राखण होती. राखणीचं काम तक्त्यात दिसत नाही, ते बंद पडलं की दिसतं.

हरभऱ्याचं तर जरा उलटंच झालं. एकेकाळी हे उत्तरेच्या थंडीचं पीक. तिकडं पाणी आलं, गव्हानं जागा घेतली, हरभरा हटला. मध्य आणि दक्षिण भारतात थंडी तोकडी, ओल तोकडी आणि झाड वाळवणारा मर रोग हजर. तिथं लवकर येणारी, मर सोसणारी वाणं लागत होती, ती काढली गेली. जेजी-11 नं आंध्रच्या काळ्या रानात हरभरा रुजवला. आपल्याकडं राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याचा जाकी-9218. 2000-01 मध्ये देशाचा हरभरा चाळीस लाख टनांच्या आत होता, 2017-18 मध्ये एक कोटी टनांच्या वर गेला. महाराष्ट्र आज हरभऱ्यात देशातल्या पहिल्या दोन राज्यांत आहे. याला ‘काही नाही’ म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

‘उलाढालीच्या प्रमाणात निधी द्या.’

ही कल्पना अडाणीपणाची नाही. निधी वाटताना पहिला कच्चा हिशोब असाच मांडतात. गडबड होते ती त्यालाच पक्का मानल्यावर. आज ज्या पिकाची उलाढाल मोठी दिसते, त्याच्यामागं आधीच्या सरकारांनी धरणं बांधली, वीज दिली, भावाची हमी दिली. त्या पैशाचं फळ मोजायचं आणि त्याच्या जोरावर पुन्हा पैसा मागायचा, म्हणजे ज्याच्या पानात वाढलंय त्यालाच पुन्हा वाढणं झालं. विचारायचं ते वेगळंच: पुढचा एक रुपया कुठं घातला तर जास्त परत येईल? शेन्गेन फॅन आणि पीटर हेझेल या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या सरकारी खर्चाचा 2000 च्या सुमारास असा हिशोब मांडला, तेव्हा बऱ्याच कोरडवाहू टापूंत तो पुढचा रुपया बागायती टापूंपेक्षा जास्त फळताना दिसला, आणि गरिबीही जास्त हटवताना दिसला. कारण उघड आहे. बागायतीत सहज मिळण्यासारखं होतं ते मिळून गेलंय.

आणि उलाढाल मोजायची कशानं? आमच्या मंगळवेढ्याकडं रब्बी ज्वारी दाण्यासाठी जेवढी करतात तेवढीच कडब्यासाठी. आमचे अण्णा कडबा घ्यायला गेले की आधी भाव विचारत नाहीत. पेंढीतलं एक ताट ओढतात, कांड मोडून दाताखाली धरतात. एकदा एका नव्या वाणाची पेंढी अशीच चावून खाली टाकली आणि म्हणाले, “ह्याला म्हस तोंड लावायची न्हाई.” त्या वाणाचा दाणा मालदांडीपेक्षा, म्हणजे आमच्या जुन्या रब्बी वाणापेक्षा, जास्त होता. पण उन्हाळ्यात दावणीला काय टाकायचं हा प्रश्न त्या वाणाच्या पत्रकात नव्हता. पैदासकारांनी बराच काळ फक्त दाणा तोलला. कडब्याची प्रत तपासायला लागले ते फार उशिरा.

‘एक चांगलं वाण काढा, सगळीकडं चालेल.’

इथं मात्र मला थांबून बोलायचंय. ज्वारी हे तक्त्यात एक पीक आहे, रानात दोन. खरिपाची ज्वारी पावसात वाढते. रब्बीची ज्वारी पाऊस संपताना पेरतात आणि ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. जानेवारीत रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तरी वर कणीस भरत असतं. ओल अपुरी पडली की खडखड्या येतो, ताटं बुडातून पोकळ होऊन आडवी होतात.

देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-1, 1964 चा. त्यानंतर संशोधनाचा भर बराच काळ खरिपावर राहिला. उत्पादन वाढलंही. पण काढणीच्या पावसात दाणा काळा पडायचा, बाजारात त्याला किंमत यायची नाही, आणि सोयाबीन आल्यावर शेतकऱ्यानं खरीप ज्वारी सोडून दिली. सत्तरीत देशात ज्वारीखाली दीड कोटी हेक्टरच्या वर रान होतं, आज पन्नास लाखाच्याही आत आहे. जी टिकली ती मुख्यतः रब्बीची. आणि त्या रब्बीत आजही कुणाचं राज्य आहे? मालदांडी 35-1 चं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेलं हे वाण 1930 च्या दशकातलं. मालदांडीची थोरवी मान्यच. पण जवळजवळ नव्वद वर्षं तिला हटवणारं काही आलं नाही, यात पीक बघून पैसा वाटण्याचा दोष आहे. हंगाम आणि माती बघून वाटला असता तर रब्बीला तिचा वाटा आधीच मिळाला असता.

माती म्हणजे तरी एकच का? आमच्याच शेतात वरचा तुकडा मुरमाड, वीतभर खणलं की टिकाव खणखणतो. खालचा ओढ्याकाठचा तुकडा कमरेएवढा काळा. राहुरीच्या विद्यापीठानं शेवटी हे ओळखून जमिनीच्या खोलीप्रमाणं रब्बी ज्वारीची वाणं दिली: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. अग्रक्रम ठरवायचा तो असा. जिल्ह्यात हलकं रान किती, पाऊस कधी थांबतो, जनावरं किती, हे आधी मांडायचं. पीक आणि निधी त्यानंतर.

‘कंपन्या बघून घेतील.’

बाजरीत बघतात, मक्यात बघतात, कापसात बघतात. कारण तिथं संकरित बियाणं दर वर्षी विकत घ्यावं लागतं. हरभरा आणि रब्बी ज्वारीचं बी शेतकरी घरचंच राखतो, फार तर शेजाऱ्याकडून पायलीभर आणतो. त्यात कंपनीला दर वर्षाचं गिऱ्हाईक नाही, आणि बिनगिऱ्हाइकाचं दुकान कोण मांडेल? मराठवाड्यातल्या तुरीला वांझ रोगापासून आधार दिला तो बदनापूरच्या सरकारी केंद्रातून आलेल्या बीएसएमआर-736 सारख्या वाणांनी.

‘पाणी आलं की प्रश्न मिटला.’

ठरलेले सगळे प्रकल्प पुरे झाले तरी राज्याची निम्म्याच्या आसपास शेती पावसावरच राहील, हे राज्याच्या जलसिंचन आयोगानं 1999 मध्येच सांगून ठेवलंय. आणि आलेलं पाणी कुठं जातं ते आम्हा सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. कालवा पोचला की पाठोपाठ ऊस पोचतो. वरच्या माळाला पाणी दिसतं ते खालच्या फडात.

त्या मजकुरात एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. केंद्रावर निघालेलं वाण गावापर्यंत येत नाही. संशोधन आणि गाव यांच्यातलं हे अंतर जुनंच. इथं कोरडवाहूचं संशोधन पन्नास नव्हे, नव्वद वर्षांचं आहे. सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक इथं 1930 च्या दशकातच केंद्रं निघाली. बांध, खोल नांगरट, वरचेवर कुळवणी, पातळ पेरा अशी पद्धत त्यांनी बसवली. वाढ मिळाली ती थोडकी, म्हणून लोकांनी ती पद्धत सगळी काही उचलली नाही. मागच्या सप्टेंबरात मी स्वतः तालुक्याच्या गावी फुले अनुराधाची पिशवी शोधत चार दुकानं फिरलो. तिघांनी मालदांडी पुढं केली. चौथ्यानं विचारलं, “अनुराधा म्हंजे कुठल्या कंपनीची?” वरच्या तुकड्यात शेवटी घरचीच मालदांडी पेरली. संक्रांतीला ती गुडघ्याएवढी होती.